लंडनहून काय आणलंसा?

महालक्ष्मी एक्सप्रेसमधून उतरून रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली, आणि बॅगा खाली ठेवायच्या आधीच पहिला प्रश्न आला, "लंडनहून काय आणलंसा?" पुढचे आठ दिवस हाच प्रश्न. नळावर, विहारात, पिठाच्या गिरणीत. प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देणे काही जमले नाही, म्हणून हा लेख.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. एकाने उद्यमनगरातल्या फौंड्रीत ३४ वर्षे मोल्डरचे काम केले, दुसरीने अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांना खिचडी वाढली. आमची धाकटी मुलगी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेली. शिक्षण झाल्यावर तिला तिथे काही काळ नोकरी करायची परवानगी मिळाली, आणि पहिल्या साठलेल्या पगारातून तिने आमची दोन तिकिटे काढली. २०२५ च्या जून महिन्यात आम्ही १६ दिवस लंडनमध्ये होतो.

जाण्याआधी घरात वाद झाला, तो सांगितलाच पाहिजे. मुलीने फोनवर बेत सांगितला होता : म्युझियम, नाटक, रात्रीचे लंडन, ऑक्सफर्ड स्ट्रीटची खरेदी. फौंड्रीवाल्याला हे पटेना. ज्या शहरात बाबासाहेब अर्धपोटी राहून शिकले, तिथे आपण नाटके बघायची आणि पिशव्या भरायच्या? बाबासाहेबांचे घर बघू, त्यांचे कॉलेज बघू, वंदना घेऊ आणि परत येऊ. त्यावर आमच्या मंडळी चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "बाबासाहेब उपाशी र्‍हाऊन शिकले, ते आपण पण उपाशी र्‍हावं म्हणून न्हवं. लेकीनं बोलावलंय. मी सगळं बघणार हाय." वाद तिथे मिटला असे नाही. तो आमच्याबरोबर विमानात बसून लंडनपर्यंत आला.

विमानाआधी व्हिसा. सहा महिन्यांचे बँकेचे कागद, मुलीचे पत्र, फी शंभर पौंडांच्या वर, आणि पौंड तर कधीच शंभर रुपयांच्या पुढे गेलेला. शेवटी बोटांचे ठसे. ३४ वर्षे वाळू ठोकून आणि तापलेल्या लोखंडाजवळ वावरून बोटांवरच्या रेषा पुसून गेलेल्या. काचेवर बोट ठेवले की यंत्र म्हणायचे, पुन्हा ठेवा. तिथल्या मुलीने ओल्या कागदाने बोटे पुसली, दाबून धरली, पाचव्या-सहाव्या खेपेला ठसा उठला. आपल्यातली कष्टाची माणसे जाणार असतील तर आठवडाभर आधीपासून हाताला खोबरेल लावून ठेवावे, हा आमचा पहिला सल्ला.

कोल्हापूर आणि लंडन यांचे नाते जुने आहे. १८७० साली छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले, तेव्हा ते जेमतेम वीस वर्षांचे होते. लंडन पाहिले, राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, रोजची हकिकत त्यांनी डायरीत लिहिली. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स शहरात ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले आणि तिथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. कोल्हापुरात परत आली ती डायरी. पुढे ती पुस्तकरूपाने छापली गेली.

त्यानंतर ३२ वर्षांनी, १९०२ साली, राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी गेले. बादशहा आजारी पडला, पोटाची शस्त्रक्रिया झाली, समारंभ जूनमधून ९ ऑगस्टपर्यंत लांबला. या विलायतेच्या दौऱ्यावर महाराज असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापून आला : संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी. महाराजांनी युरोपातून आणखी काय आणले ते कोल्हापूरकर रोज बघतात. रोमचे जुने गोल क्रीडागार पाहून त्यांना खासबाग मैदान सुचले, असे आपल्याकडे सांगितले जाते. मैदानाला लागूनच त्यांनी पॅलेस थिएटर बांधले, तेच आपले केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले. त्या रात्री आम्हीही रस्त्यावर उभे राहून डोळे पुसणाऱ्यांत होतो. लंडनच्या नाटकाची गोष्ट पुढे येईल, तेव्हा ही रात्र ध्यानात ठेवावी.

आणि तिसरे बाबासाहेब. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, शाहू महाराजांनी तिथे बाबासाहेबांच्या हाती समाजाची धुरा सोपवली, आणि त्याच वर्षी बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करायला दुसऱ्यांदा लंडनला गेले. त्यांचा पत्ता होता १०, किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म. या पत्त्यावरून सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहिले आणि दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. कायद्याच्या शिक्षणाची फी भरायची होती आणि परतीच्या प्रवासाचीही सोय करायची होती. पैसे का संपले होते? उधळपट्टीने नव्हे. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत, पुढच्या वर्षी भाव सव्वा शिलिंगापर्यंत घसरला. म्हणजे ज्या दोनशे पौंडांना दोन हजार रुपये पुरले असते, त्यांना आता बत्तीसशे लागू लागले. घरून गाठीला बांधून नेलेले पैसे बसल्या जागी आटले. आणि योगायोग असा की बाबासाहेब तेव्हा ज्या प्रबंधावर काम करीत होते, त्याचा विषयच होता रुपयाचा प्रश्न! ज्या रोगाचे निदान लिहीत होते तोच रोग त्यांच्या खिशाला जडला होता. त्याच प्रबंधावर १९२३ साली त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली.

हे सगळे मुलीने आम्हाला चॉक फार्मच्या भुयारी रेल्वेत बसून सांगितले. पुस्तकात आम्हीही वाचले होते, पण त्या गाडीत ते वेगळे वाटले. चॉक फार्म स्टेशनला बाहेरून गडद तांबड्या, चकचकीत टाइल्स आहेत. हे स्टेशन १९०७ पासूनचे, म्हणजे बाबासाहेबांच्या डोळ्यांखालचे. तिथून रेल्वेवरचा पूल ओलांडला की शांत, श्रीमंत वस्ती लागते. एकाला एक चिकटलेली उंच घरे, प्रत्येकाला पायऱ्या. त्यातल्या एका घरावर लंडनच्या पद्धतीची गोल निळी पाटी आहे : सामाजिक न्यायासाठी लढणारे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते, अशा अर्थाची.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हे घर विकत घेतले, किंमत तीस लाख पौंडांच्या वर. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. पुढे तिथल्या नगरपालिकेने हरकत घेतली की राहत्या घराचे संग्रहालय करायला परवानगी नाही. गर्दी होईल, असे काही शेजाऱ्यांचेही म्हणणे होते. चौकशी बसली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्याने संग्रहालयाच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या माणसाच्या घराला परवानगी मिळायला त्याच्या पश्चातही खटला चालवावा लागला, हे जाता जाता मनात आलेच.

आत छायाचित्रे आहेत, पुस्तके आहेत. आम्ही जिन्याने वर गेलो. कोणी फारसे बोलत नव्हते. आमच्या मंडळींनी कोल्हापुरातून रुमालात गुंडाळून मेणबत्ती आणली होती, पण जुन्या घरात ज्योत नको म्हणून ती तशीच पिशवीत राहिली. हात जोडून त्रिसरण पंचशील म्हटले. फौंड्रीवाल्याला मात्र वेगळीच गोष्ट दिसत होती. खोली लहान. खिडकी आहे, पण जूनमध्येसुद्धा बाहेर गारवा होता. डिसेंबरात इथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. चरित्रकार सांगतात की घरमालकीण मोजके जेवण द्यायची, सकाळी पावाचा तुकडा आणि मुरंबा, मग दिवसभर वाचनालय. रात्री दहाच्या पुढे पोटात आग पडायची, तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड बाबासाहेब पत्र्यावर भाजून खायचे, कपभर दुधाबरोबर, आणि पुन्हा वाचायला बसायचे. रात्रीचे लंडन म्हणतात ते बाबासाहेबांचे असे होते.

दुसऱ्या दिवशी ब्रिटिश म्युझियम. तिकीट नाही, लंडनमधली बहुतेक मोठी सरकारी संग्रहालये फुकट आहेत, हे आपल्यासारख्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. इथल्या गोल वाचनालयात बाबासाहेब दार उघडल्यापासून दार बंद होईपर्यंत बसायचे. ग्रंथालय नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सेंट पँक्रासच्या नव्या इमारतीत गेले, पण घुमट जागेवर आहे. त्या घुमटाकडे बघण्यासाठीच आम्ही गेलो होतो. आमच्या मंडळी मात्र आतल्या एका दालनाच्या काचेपाशी खिळल्या त्या हलेनात. काचेपलीकडे पांढुरक्या दगडातले स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र, सिंहासनावर नुसती पावले. हे अमरावतीच्या महास्तूपाचे दगड. १८४५ साली इंग्रज अधिकारी वॉल्टर इलियट याने ते खणून काढले, आधी मद्रासला नेले, १८५९ मध्ये जहाजाने लंडनला आले आणि १८८० पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

"कुठली ही अमरावती? विदर्भातली?" असे मंडळींनी विचारले. नव्हे, आंध्रातली, कृष्णेच्या काठची. आपली पंचगंगा नरसोबावाडीला ज्या कृष्णेला मिळते, तीच कृष्णा पुढे जाऊन त्या स्तूपाजवळून वाहते. हे ऐकल्यावर मंडळींनी काचेला हात लावला. पहारेकऱ्याने बघितले, पण काही बोलला नाही. "म्हंजे आपलंच पाणी की," एवढे त्या म्हणाल्या. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही सांचीचे एक सुंदर खंडित शिल्प आहे. सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी कित्येक वर्षे याच म्युझियममध्ये होत्या. त्या परत आल्या आणि १९५२ मध्ये सांचीला पुन्हा ठेवल्या गेल्या. अस्थी परत येऊ शकतात तर दगड का नाहीत, हा प्रश्न मंडळींचा आहे, आम्ही तो इथे नोंदवून ठेवतो.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा पाहिला. ग्रेज इनमध्ये आत फिरता आले नाही, बाहेरून वीट आणि बाग बघितली. इथे एक मजेदार गोष्ट कळली. त्या काळी बॅरिस्टर व्हायला नुसती परीक्षा पुरत नसे. इनच्या दिवाणखान्यात ठराविक वेळा जेवणाला हजर राहावे लागे, आणि त्या जेवणाचे पैसे विद्यार्थ्यानेच भरायचे. पापड भाजून खाणारा विद्यार्थी, आणि त्याला सक्तीची मेजवानी!

आता रात्रीविषयी. जूनमध्ये लंडनला नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे रात्र सुरू कधी होते तेच कळत नाही. लेस्टर स्क्वेअरमध्ये एक खिडकी आहे, तिथे त्या दिवशीच्या नाटकांची उरलेली तिकिटे कमी दरात मिळतात. मुलीने तीन काढली, अगदी वरच्या माळ्यावरची. नाटक व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचे, १९८५ पासून लंडनमध्ये चालू असलेले. एक पाव चोरला म्हणून वर्षानुवर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या माणसाची गोष्ट. इंग्रजी शब्द आम्हाला थोडेच कळले, पण भुकेची गोष्ट कळायला भाषा लागत नाही. गाणी चालू असताना फौंड्रीवाल्याच्या डोळ्यांपुढे केशवराव भोसलेच्या जळक्या भिंती येत होत्या. मध्यंतरात मंडळींनी वळून बघितले आणि विचारले, "आता का रडतायसा? येणार नव्हतासा न्हवं?" याला उत्तर नव्हते. नाटक बघायला यायला नको, हे म्हणणे आम्ही त्या मध्यंतरातच मागे घेतले. ज्या राजाने विलायतेहून येऊन गावाला नाट्यगृह दिले, त्याच्या गावच्या माणसाने नाटकाला चैन म्हणणे बरे नव्हे.

तिथल्या पबविषयी आपल्याकडे फार कुतूहल. पंचशील घेतलेल्या माणसाचे तिथे काय काम? पण मुलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी आग्रह केला. बघितले तर तिथे म्हातारी माणसे जेवत होती, एक बाई कुत्रे घेऊन वर्तमानपत्र वाचत होती. आम्ही लिंबाचे सरबत आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी घेतल्या. कोणी हसले नाही, कोणी आग्रह केला नाही. शुक्रवारी आणि शनिवारी काही मार्गांवर भुयारी रेल्वे रात्रभर चालते, त्यामुळे बायाबापड्याही उशिरा घरी जातात. मात्र सोहोच्या गल्ल्यांत मध्यरात्री पिऊन पडलेली पोरेही बघितली. ती बघून गावचीच आठवण झाली. त्यात पाहण्यासारखे काही नाही.

खरे रात्रीचे लंडन बघावे ते प्रिमरोझ टेकडीवरून. बाबासाहेबांच्या घरापासून चालत काही मिनिटांवर ती आहे. सगळे शहर खाली पसरलेले, लोक गवतावर बसलेले, पैसे लागत नाहीत. त्या रात्री घरी येऊन मंडळींनी कोल्हापुरातून नेलेले उडदाचे पापड मुलीच्या विजेच्या शेगडीवर भाजायला घेतले. वाजले होते दहा. तिसऱ्या पापडाला धूर झाला आणि छतावरचे यंत्र असे कोकलायला लागले की वरच्या मजल्यावरचा नायजेरियन मुलगा धावत आला. मुलीने खुर्चीवर चढून ते बंद केले. मग त्यालाही पापड दिला. त्याने विचारले, हे काय? मुलीने त्याला किंग हेन्रीज रोडची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ बसून ऐकत होता. पापड मात्र तिखट लागला म्हणाला.

खरेदीचे सांगतो. ऑक्सफर्ड स्ट्रीटला माणसांचा पूर असतो, जोतिबाच्या यात्रेसारखा. मोठ्या दुकानांत फिरायला मनाई नसते आणि घ्यायलाच पाहिजे असे नसते. मंडळींनी कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या वाचायचा सपाटा लावला. कुठे बांगलादेश, कुठे तुर्कस्तान, आणि पुष्कळदा भारत. "हितनं नेऊन तिथं विकायचं आणि तिथनं आणून हितं दाखवायचं!" म्हणून त्यांनी पिशवी खाली ठेवली. पूर्वी परदेशी पाहुण्याला विमानतळावर विक्रीकर परत मिळायचा, तो १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला आहे. कोणी तसे सांगून जास्त खरेदी करायला लावील तर ऐकू नये. स्वस्तात चांगल्या वस्तू हव्या असतील तर धर्मादाय दुकाने बघावीत. लोकांनी दान दिलेले कपडे, बूट, पुस्तके तिथे विकतात आणि पैसा चांगल्या कामाला जातो. आम्ही तिथून चालायचे बूट घेतले. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड लागते. तिकीट तेव्हा पावणेदोन पौंड होते, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात बस बदलली तर दुसरे पडत नाही. दुमजली बसच्या वर पुढे बसले की शहर बघायला दुसरी गाडी नको.

त्याच आठवड्यात मुलीने मोबाइलवर बातमी दाखवली. इटलीत मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीने फॅशन शोमध्ये चपला आणल्या, त्या हुबेहूब आपल्या कोल्हापुरी, आणि कोल्हापूरचे नाव कुठेच नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आपल्याकडे आरडाओरडा झाला तेव्हा कंपनीने मान्य केले की कल्पना भारतातल्या कारागिरांची. आमच्या पायात तेव्हा धर्मादाय दुकानातले इंग्रजी बूट होते आणि कोल्हापुरी जोड बॅगेत. मंडळींनी दुसऱ्या दिवशी बूट काढले आणि वहाणा घालून बाँड स्ट्रीटवरून मुद्दाम दोन फेऱ्या मारल्या. कर्र-कर्र आवाज करीत. संध्याकाळी टाचा दुखल्या, पण समाधान झाले.

शेवटच्या दिवशी चेरिंग क्रॉस रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. बाबासाहेबांनी शिकत असताना पुस्तकेच घेतली. १९१७ साली परत येताना सामान वेगळ्या जहाजाने पाठवले होते, ते जहाज युद्धात बुडाले. आम्ही घेतला एक वापरलेला इंग्रजी शब्दकोश. शेजारच्या दहावीतल्या पोरासाठी. वजन पावणेदोन किलो, विमानतळावर बॅग जड झाली म्हणून मंडळींनी तो शालीखाली काखेत धरून आणला.

आल्यावर बिंदू चौकात बाबासाहेबांना आणि महात्मा फुल्यांना वंदन केले. हे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी बसले, बाबासाहेब हयात असताना. मग जवळच्या स्टुडिओत निळ्या पाटीखालच्या फोटोच्या १५ प्रती काढल्या आणि गल्लीत वाटल्या. "काय आणलंसा"ला तेच उत्तर. बहुतेकांनी बघून कपाळाला लावला. पलीकडच्या खोलीतल्या, धुणीभांडी करणाऱ्या आजींनी मात्र फोटो डोळ्यांजवळ नेला, दार बघितले, पायऱ्या मोजल्या आणि विचारले, "ह्या दारातनं आपल्याला आत सोडत्यात?"

सोडतात म्हटले.

"मग हे आदी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाल्या, आणि पुढची भिशी कुणाची लागायची आहे ते बोटांवर मोजू लागल्या.